मस्क्वा-केचिकातली घोडसफर: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका पशुवैद्य बाईचा अभिप्राय

घोड्यावरून लांबची सफर करायची असेल तर तंबू कसला, जेवण कसलं, वाटाड्या किती गोड बोलतो हे सगळं नंतर बघा. आधी खोगिराखालची घोंगडी उचलून घोड्याची पाठ बघा. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, तिथे आणि त्याच्या मागे दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का ते तपासा. खोगीर नीट बसलेलं नसलं की दाब एकाच जागी पडत राहतो, तिथल्या कातडीला रक्त पोचत नाही, केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि जखम भरल्यावर येणारे केस पांढरेच येतात. एखाददुसऱ्या घोड्यावर असा ठिपका असेल तर तो आधीच्या मालकाच्या हातून झालेला असू शकतो. निम्म्या कळपावर असेल तर पैसे भरलेले असोत वा नसोत, परत फिरा.

गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी भाची कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अगदी उत्तरेकडच्या मस्क्वा-केचिका नावाच्या रानात घोड्यावरून फिरलो. भाची एडमंटनला नोकरी करते, सफर तिनेच शोधून काढली. पोचल्या पोचल्या मी पागेत गेले आणि घोंगड्या उचलायला लागले. सफर चालवणारी बाई साठीच्या घरातली, उन्हाने रापलेली. ती लांबून बघत होती. कोणी पाहुणी आल्या आल्या असं करू लागली तर बऱ्याच मालकांच्या कपाळाला आठी पडते. ही सरळ जवळ आली आणि उरलेल्या घोड्यांच्या घोंगड्या स्वतः उचलून दाखवू लागली. हा कुठून घेतला, हिला तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं, याला कुठलं खोगीर चालत नाही, सगळं तोंडपाठ. दोन घोड्यांवर जुने पांढरे ठिपके होते, ते तिने मी विचारायच्या आधी सांगितले. माझ्या मनात या सफरीचे अर्धे गुण तिथेच पडले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही येणार आहेत, आणि त्या भागात हे काम करणारी माणसं मोजकी आहेत. मला एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या सफरीबद्दल सांगायचं आहे, म्हणजे तुम्ही कुणाबरोबरही गेलात तरी काय विचारायचं ते कळेल.

मी वाळपईची. पशुवैद्य म्हणून सरकारी नोकरी केली, बहुतेक वेळ गाई-म्हशींच्या मागे गेला. घोड्यावर बसायला शिकले ती कॉलेजात असताना, एन.सी.सी.त, नंतर अधूनमधून पुण्याला जाऊन सराव ठेवला. आमच्या सत्तरीत आणि डिचोलीत शिगम्याला घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा बांधून, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन माणसं ढोल-ताशावर नाचतात, आणि पोर्तुगिजांशी लढलेल्या राणे घराण्याची आठवण जागवतात. त्याहून मागे गेलं तर अरबी घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला त्यामागे या घोडेव्यापारावर ताबा मिळवणं हेही एक कारण होतं. एवढा इतिहास असून आज आमच्या तालुक्यात खरा घोडा दिसत नाही. माझ्या हाताखालून गेलेले घोडे थोडेच, पण त्या जनावरावर माझा जीव आहे तो लहानपणापासून.

मस्क्वा-केचिका हे दोन नद्यांच्या नावांवरून पडलेलं नाव. १९९८ मध्ये प्रांताच्या सरकारने या प्रदेशाला वेगळा दर्जा दिला. आज त्याचं क्षेत्र ६४ लाख हेक्टर, म्हणजे ६४,००० चौरस किलोमीटर आहे. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर; त्यात सतरा गोवे मावतात. आमचं म्हादई अभयारण्य त्याच्या पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये झालं, ते २०८ चौरस किलोमीटर. हा सगळा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे असं समजू नका. काही भाग उद्यान आहे, तिथे खाणकाम आणि लाकूडतोड बंद. बाकीच्या भागात उद्योगाला परवानगी मिळू शकते, पण रानाचं आणि प्राण्यांचं हित सांभाळण्याच्या अटींवर. रॉकी पर्वताची उत्तरेकडची टोकं इथे आहेत. नद्यांचं पाणी लिआर्ड नदीला मिळतं, तिथून मॅकेन्झीला आणि शेवटी आर्क्टिक महासागराला. रस्ता म्हणाल तर एक, अलास्का हायवे, तोही १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत अमेरिकन लष्कराने बांधलेला आणि कडेकडेने जाणारा. आत शिरायचं तर पायी, होडीने, पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने किंवा घोड्यावरून.

तिथवर पोचणं सोपं नाही. व्हिसाचे १०० आणि बायोमेट्रिकचे ८५ कॅनेडियन डॉलर. अर्ज निदान चार-पाच महिने आधी टाका. मी व्हँकुव्हरहून विमानाने फोर्ट सेंट जॉनला गेले, भाची तिथे गाडी घेऊन आली, आणि पुढे फोर्ट नेल्सनपर्यंत पावणेचारशे किलोमीटर अलास्का हायवे. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांचं रान, पेट्रोल पंप लांब लांब. एक गोष्ट गुरं पाळणाऱ्यांनी नक्की लक्षात ठेवावी. कॅनडात लाळ-खुरकुताची शेवटची साथ १९५२ साली झाली, त्यानंतर त्यांनी तो रोग आत येऊ दिलेला नाही. आपल्याकडे तो अजून आहे. गोठ्यात वापरलेले बूट, कपडे घेऊन जाऊ नका. उतरल्यावरच्या अर्जात आपण गुरांजवळ होतो हे खरं लिहा. मी सगळं नवं घेतलं, बूटसुद्धा, आणि महिनाभर वाळपईच्या रस्त्यावर घालून ते मऊ केले. तिथल्या अधिकाऱ्याने बुटांचे तळवे बघितले, चार प्रश्न विचारले आणि सोडलं. त्याने हे इतकं नीट केलं याचं मला फार बरं वाटलं.

पहिला दिवस सगळा वजनात जातो. प्रत्येक पाहुण्याला बारा किलोची मऊ पिशवी, त्याहून एक किलो जास्त चालत नाही. माणसांचंही वजन करतात, सर्वांसमोर, काट्यावर उभं करून. भाचीबरोबर आलेल्या दोघी-तिघी संकोचल्या. मला मात्र हे अगदी योग्य वाटलं. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं वाहू नये असा साधारण नियम आहे, आणि त्यात खोगीरही आलं. साडेचारशे किलोच्या घोड्यावर नव्वद किलो. त्यातून खोगिराचे पंधरा-वीस वजा करा, मग स्वार किती भारी चालेल ते बघा. ओझ्याच्या घोड्यांचा हिशेब आणखी कडक, कारण माणूस चढावर पुढे झुकतो, उतारावर मागे रेलतो, पेटी तसं काही करत नाही. म्हणून त्यांच्यावर सत्तर किलोच्या वर काही चढवत नव्हते. लाकडी कैच्यांच्या, म्हणजे फुलीसारख्या जोडलेल्या लाकडांच्या, खोगिरावर दोन्ही बाजूंना दोन पेट्या टांगतात, आणि त्या दोन पेट्या स्प्रिंगच्या काट्यावर एकेक करून तोलतात. अर्ध्या किलोचा फरक आला तरी डाळीची पिशवी इकडून तिकडे. ओझं एका अंगाला भारी झालं तर खोगीर तिकडे सरकतं आणि दुसऱ्या अंगाला मणक्यालगत घासतं. मग वर ताडपत्री आणि तिच्यावर दोरीची ती प्रसिद्ध गाठ, जिच्यात मध्यभागी हिऱ्यासारखा चौकोन तयार होतो. दोन माणसं दोन बाजूंना उभी राहून, एकमेकांशी न बोलता, दोन मिनिटांत बांधत. मी सफर संपेपर्यंत रोज त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले.

आता रोजचा दिवस कसा जातो ते सांगते, कारण जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. रात्री घोडे बांधलेले नसतात. पुढच्या पायांना पायबंद घालून, काहींच्या गळ्यात घंटा बांधून त्यांना चरायला सोडतात. घोड्याचं पोट लहान आणि आतडं लांब, त्याला दिवसाचे सोळा-सोळा तास थोडंथोडं चरत राहावं लागतं. तिथे रानात दाणा कुठून आणणार. जे आहे ते गवत. दिवसभर चालणाऱ्या जनावराला रात्रभर चरू दिलं नाही तर आठवड्यात त्याच्या बरगड्या दिसायला लागतात. त्यामुळे पहाटे दोघं तरुण घंटांच्या आवाजाच्या मागाने घोडे शोधायला जातात. कधी तासात आणतात, कधी तीन तासांत. तोवर पाहुण्यांनी थांबायचं. मग प्रत्येक पाठ हाताने चाचपायची, खुरं उचलून साफ करायची, ओझी तोलायची, बांधायची. निघायला अकरा वाजतात. पाच-सहा तास चाल, मध्ये एकदाच थांबणं, आणि गवत चांगलं असेल तिथे मुक्काम. देखावा चांगला असेल तिथे नाही. गवत संपलं की जागा बदलायची, गवत भरपूर असलं की एक दिवस जास्त राहायचं.

भाची दुसऱ्या दिवशी वैतागली. “मावशी, आपण इतके पैसे भरले आणि अर्धा दिवस घोड्यांची वाट बघण्यात जातो!” मी तिला म्हटलं, “हेच तर आपण विकत घेतलंय.” मला अजून तसंच वाटतं. जी मंडळी सकाळी आठला कोरे करकरीत निघतात, त्यांचे घोडे रात्री दोरीला बांधलेले असतात. वेळापत्रक पाहुण्यांचं की घोड्यांचं, हा प्रश्न सफर ठरवण्याआधी विचारा. उत्तर देणारा जर “निघायची वेळ तुमच्या सोयीने” म्हणाला, तर दुसरीकडे बघा.

उतारावर सगळे खाली उतरून घोडा हाताने धरून चालतात. तिथले उतार म्हणजे चोर्ला घाटातल्या जुन्या पायवाटांइतके उभे, पायाखाली सुटे दगड. गुडघे दुखणाऱ्यांनी याचा विचार करूनच यावं. उतारावर घोड्याचा सगळा भार पुढच्या पायांवर येतो, खोगीर मानेकडे सरकतं. पाठ वाचवायची तर आपण चाललंच पाहिजे. प्रत्येक मोठ्या चढानंतर आमची म्होरकी, म्हणजे ती सफर चालवणारी बाई, थांबून दोन-तीन घोड्यांच्या नाड्या बघे. मीही माझा स्टेथोस्कोप काढे. विसाव्याला असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. चढून आल्यावर ती ऐंशी-नव्वदवर गेलेली असली तरी पंधरा मिनिटांत साठच्या खाली यायला हवी. माझ्या घोड्याचं नाव कोपर, तांबूस रंगाचा, खच्ची केलेला; त्याची दहा मिनिटांत येई. एका वयस्कर घोडीची आली नाही, तर तिथेच तास काढला.

नद्या ओलांडणं हा या सफरीचा गाभा. हिमनद्यांचं पाणी राखाडी, गढूळ, तळ दिसत नाही. दुपारी ऊन लागलं की बर्फ वितळून पाणी चढतं, म्हणून मोठी नदी असेल त्या दिवशी सकाळी जमेल तितकं लवकर निघायचं. पाण्यात शिरण्याआधी सूचना एवढ्याच: रिकिबीतून पाय मोकळे ठेवा, नुसती बोटं टेकलेली असू देत, लगाम सैल सोडा, पाण्याकडे बघू नका, पलीकडचा काठ बघा. वाहत्या पाण्याकडे बघितलं की भोवळ येते आणि माणूस नकळत एका बाजूला झुकतो, मग घोडाही तिकडे जातो. ओझ्याचे घोडे एरवी एकामागे एक दोरीने जोडलेले, पाण्यात मात्र सगळे मोकळे, कारण एक पडला तर त्याने दुसऱ्याला ओढू नये. एका ठिकाणी पाणी खोगिरापर्यंत आलं. कोपरचे पाय तळ सोडून सुटले, त्याची मान ताणली गेली, आणि पाच-सात हात तो पोहला. पोहणाऱ्या घोड्यावर बसलेलं असताना खालून येणारा धक्का थांबतो, सगळं गुळगुळीत होतं. पलीकडे खूर दगडाला लागल्यावर मी त्याच्या मानेवर हात ठेवला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. म्होरकीने मागे वळून सगळे घोडे मोजले, सगळी माणसं मोजली, आणि मग पुढे चालू लागली. रोज, प्रत्येक पाण्यानंतर, ती असं मोजत असे.

रात्री शेकोटीपाशी तिने शार्ल बेदोच्या १९३४ च्या मोहिमेची हकिकत सांगितली. फ्रान्समध्ये जन्मलेला हा अमेरिकन कोट्यधीश एडमंटनहून निघाला, सिट्रोएन कंपनीच्या पाच गाड्या घेऊन, मागे रबरी पट्टे असलेल्या, आणि शंभराहून जास्त घोडे सोबत. उत्तर ब्रिटिश कोलंबिया आडवा पार करून टेलिग्राफ क्रीकला जायचा बेत. त्या वर्षी पाऊस थांबेना. गाड्या चिखलात रुतल्या आणि वाटेत सोडून द्याव्या लागल्या. पुढे घोड्यांवर भिस्त, तर चारा मिळेना आणि चिखलात राहून खुरं सडायला लागली. घोडे मरत गेले, मोहीम अर्ध्यातून परतली. बाकीच्यांनी त्या गाड्यांबद्दल प्रश्न विचारले. मला त्या घोड्यांनी झोप लागू दिली नाही. खूर सडणं हा रोग मी गुरांमध्ये दर पावसाळ्यात बघितलेला आहे. तो येतो तो ओल आणि घाण यांतून, आणि बरा होतो तो कोरड्या जागेने आणि स्वच्छतेने. त्या माणसांना तेवढं करायला वेळ नव्हता. त्यानंतर दोन दिवस आमची वाट दलदलीतून होती, वर शेवाळ, खाली पाणी, घोडा पोटापर्यंत रुततो. त्या दोन्ही संध्याकाळी प्रत्येक घोड्याची चारही खुरं धुऊन, पुसून, कोरड्या रेतीवर अर्धा तास उभं करून मग चरायला सोडलं. मी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. ही त्यांची नेहमीची रीत.

घोडे राखणाऱ्या दोघांतला एक कास्का डेना या तिथल्या मूळ रहिवासी समाजाचा. रॉकीच्या पश्चिमेच्या लांबच लांब दरीतून त्याच्या लोकांची जुनी पायवाट जाते, फोर्ट वेअर ते लोअर पोस्ट, आज नकाशावर तिला डेव्ही ट्रेल म्हणतात. आमच्या वाटेवर दक्षिणेकडे तोंड असलेले काही उतार मोकळे, गवताळ होते. तो म्हणाला, हे आपोआप झालेलं नाही. वसंतात, सावलीतला बर्फ अजून वितळलेला नसताना, हे उतार जाळतात. आग बर्फापाशी थांबते, आणि नंतर आलेल्या गवतावर एल्क नावाची मोठी हरणं आणि स्टोन जातीच्या रानमेंढ्या येतात. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईचे डोंगर जळताना मी घराच्या गच्चीवरून धूर बघितला आहे, त्यामुळे आधी माझ्या पोटात गोळा आला. त्याने शांतपणे समजावून दिलं की कुठे, कधी आणि किती हे ठाऊक असलेल्याने लावलेली आग वेगळी. त्या उतारांवर आम्हाला मेंढ्यांचा कळप दिसला, नर गडद राखाडी, वळलेल्या शिंगांचे. जगातल्या बहुतेक स्टोन मेंढ्या याच प्रांताच्या उत्तरेत आहेत.

अस्वलांबद्दल सगळे विचारतात. ग्रिझली दोनदा दिसलं, दोन्ही वेळा लांब. दोन्ही वेळा ते माणसांनी बघितलं नाही. कोपरचे कान ताठ झाले आणि तो थबकला, मग मी त्या दिशेने बघितलं. स्वयंपाक तंबूंपासून शंभर पावलांवर, खाण्याच्या पेट्यांभोवती बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण, टूथपेस्टसुद्धा पेटीत. प्रत्येकाच्या पट्ट्याला मिरचीचा फवारा. तो विमानात नेता येत नाही, तिथेच मिळतो. या शिस्तीमुळे अस्वल माणसाच्या अन्नाला चटावत नाही, आणि चटावलं नाही तर त्याला मारावं लागत नाही. २०२० च्या जानेवारीत आमच्याच तालुक्यात, गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले. गुरं मारली म्हणून विष घातलं गेलं होतं. ज्यांची गुरं गेली त्या धनगरांना भरपाई वेळेवर मिळाली असती, कुंपणाला कुणी मदत केली असती, तर ते झालं नसतं असं माझं ठाम मत आहे. विजेच्या तारेचं ते साधं कुंपण बघताना मला आमचे गोठे आठवत राहिले.

डास आणि घोडेमाश्या भरपूर. आमच्याकडे पावसात गोठ्यात धुरी करतात तशीच ते कुजक्या लाकडाची आणि शेवाळाची धुरी करत, आणि घोडे आपणहून येऊन धुरात उभे राहत. पुढच्या पायांच्या केसांवर एका माशीची पिवळी अंडी चिकटतात. घोडा चाटतो आणि अळ्या पोटात जातात. म्होरकी बोथट सुरीने ती रोज खरवडून काढी. हे काम मी मागून घेतलं.

आता तक्रारी. ओझ्याच्या एका घोडीच्या कोपराच्या मागे, जिथे तंग, म्हणजे खोगीर कसायचा पोटाखालचा पट्टा, येतो, तिथले केस घासलेले आणि कातडी सुजलेली मला एका सकाळी दिसली. राखणाऱ्यांतल्या धाकट्याला दाखवलं. “चालेल, जुनंच आहे,” म्हणून त्याने ओझं बांधलं. म्होरकी पुढे वाट बघायला गेलेली होती. संध्याकाळी कातडी फाटलेली. हे व्हायला नको होतं. इतक्या चांगल्या व्यवस्थेतही निर्णय एकाच माणसावर अवलंबून असला तर असंच होणार. म्होरकीने त्याला सर्वांसमोर बोल लावला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती घोडी मोकळी चालली, तिचं ओझं इतरांत वाटलं आणि त्यासाठी दोन पेट्यांतला माल, खुर्च्यांसकट, झाडावर ठेवून दिला. उरलेली सफर आम्ही ओंडक्यांवर बसून जेवलो. कुणी कुरकुर केली नाही.

दुसरी तक्रार मोठी. त्यांच्या पत्रकात “घोड्यावर बसण्याचा अनुभव नसला तरी चालेल” असं लिहिलं आहे. चालत नाही. आमच्यातले एक गृहस्थ पूर्ण नवखे होते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या मांड्या सोलवटल्या आणि ते एका अंगाला बसू लागले. त्रास त्यांना झाला तितकाच त्यांच्या घोड्यालाही. निदान तीन-चार महिने आठवड्यातून दोनदा सराव हवा, दुडकी चालीत मांड पक्की हवी. तंबू जुने, आमचा एका कोपऱ्यातून गळे. ऑगस्टमध्ये दोन रात्री बर्फ पडला, तेव्हा झोपायची पिशवी उणे दहापर्यंतची नेलीत तर बरं. शौचाला खड्डा आणि छोटं फावडं. बायकांनी मनात भीती ठेवू नये, आडोसा हवा तितका आहे.

जेवण साधं आणि पोटभर: बॅनॉक नावाची तव्यावरची जाड भाकरी, घेवड्याच्या बिया, बटाटे, ओट्स, कधी मासा. मांस न खाणाऱ्यांनी आधी कळवलं तर वेगळं शिजवतात, पण चव फिकी. मी घरची सोलं (आमसुलं), हिंग, सुकी मिरची नेली होती. एका थंड रात्री सोलं भिजवून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन फुटी कढी केली. स्वयंपाक करणाऱ्या मुलाने दोन पेले पिऊन कृती लिहून घेतली.

शेवटी एका तळ्यावर पाण्यावरचं विमान येऊन पाहुण्यांना नेतं, घोडे पुढच्या गटासाठी तिथेच राहतात. विमान धुक्यात येत नाही, त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. ते उरले तर लिआर्डच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर घालवा. चाळीस अंशांच्या वरचं पाणी, आणि दुखणाऱ्या अंगाला दुसरं औषध नको.

खर्च मोठा आहे. जाहिरातीतल्या आकड्यावर ५ टक्के जीएसटी, पाण्यावरच्या विमानाचं भाडं बहुधा वेगळं, आणि काम करणाऱ्यांना बक्षिसी द्यायची रीत आहे, ती आधीच हिशेबात धरा. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च येतो का हे लेखी मागून घ्या. आत फोन लागत नाही, उपग्रहावरून संदेश जातो, आणि हवा वाईट असली तर मदत यायला दिवस लागू शकतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक ओझ्यावर आणि एक अंगावर. त्या भागातल्या काही कंपन्या मुख्यतः शिकारीच्या सफरी नेतात. आपल्या गटाबरोबर किंवा आपल्याच वाटेवर शिकारी असतील का तेही विचारा.

जूनमध्ये बर्फ वितळून नद्या भरलेल्या असतात, जुलैत माश्यांचा कहर. ऑगस्टच्या उत्तरार्धात पहिल्यांदा दव गोठलं की माश्या कमी होतात आणि झुडपं लाल व्हायला लागतात. तोच पंधरवडा मागून घ्या. गणपतीची चवथ कधी येते ते पंचांगात बघून मगच तारीख कळवा, कारण भरलेली आगाऊ रक्कम परत मिळत नाही.